लाकडी जहाजाच्या मॉडेलवर पट्ट्या चढवणे : नागपुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किटासोबत आलेल्या कागदात पट्ट्या चढवण्याचं काम चार चित्रांत उरकलेलं असतं. ते लिहिणाऱ्याच्या गावी हवा बाराही महिने दमट, त्यामुळे मे महिन्यातल्या नागपूरचा त्याला पत्ता नसतो. इथे बांधणाऱ्यांच्या अडचणी थोड्या वेगळ्या आहेत. त्यातले नेहमीचे प्रश्न खाली घेतले आहेत.

पुढे तीन शब्द सारखे येतील. कील म्हणजे तळातून पुढून मागे जाणारा जहाजाचा कणा. बल्कहेड म्हणजे त्या कण्यावर आडवे बसणारे प्लायवुडचे तुकडे, ज्यांवर पट्ट्या टेकतात. नाळ म्हणजे जहाजाचं पुढचं टोक.

सांगाडा चिकटवून झाला. आता थेट पट्ट्या लावू का?

थांबा. सांगाडा डोळ्यांच्या रेषेत धरा आणि नाळेकडून मागे बघा. कील डावी-उजवीकडे कुठे गेली असेल तर ती आत्ताच सरळ होईल. दहा-बारा पट्ट्या चढल्या की ती वाकडी ती वाकडीच. पातळ प्लायची कील पुष्कळदा किटातूनच बाक घेऊन येते. बल्कहेड बसवण्याआधी ती तपासून, किंचित ओली करून, दोन टाइल्सच्या मधे रात्रभर दाबून ठेवली तर बहुतेक वेळा सरळ होते.

मग गुण्या लावून प्रत्येक बल्कहेड कीलला काटकोनात आहे का ते बघा. नाळ आणि पहिलं बल्कहेड यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना पोकळी राहते. तिथे बाल्साचे किंवा कुठल्याही हलक्या लाकडाचे ठोकळे भरून त्यांना जहाजाचा आकार द्या. पट्टीला सगळ्यात जास्त वळण तिथेच घ्यायचं असतं आणि टेकायला जागाही तिथेच सगळ्यात कमी असते. किटाचा कागद ठोकळे 'ऐच्छिक' म्हणत असला तरी ते टाळू नका.

बल्कहेड घासायचे म्हणजे किती?

पट्टी बल्कहेडच्या नुसत्या कडेवर न टेकता पूर्ण जाडीवर टेकली पाहिजे, इतके. मधल्या बल्कहेडना जवळजवळ काहीच लागत नाही. नाळेकडच्यांची पुढची कड उतरती करावी लागते, मागच्यांची मागची.

लेझरनं कापलेल्या किटात एक सोय आहे. कापलेली कड जळून काळपट झालेली असते. घासताना जहाजाच्या मध्याकडची काळी रेघ केसाएवढी शिल्लक ठेवायची आणि बाकीचा काळपटपणा घालवायचा. ती रेघ गेली तर समजायचं की बल्कहेडचा आकारच लहान होतोय. पॉलिश पेपर बोटांनी धरून घासू नका, बोट दोन बल्कहेडच्या मधे घसरतं आणि कड गोल होते. लवचीक लाकडी पट्टीवर १२० नंबरचा कागद चिकटवा. पट्टी एका वेळी निदान तीन बल्कहेडवर टेकेल एवढी लांब हवी. अधूनमधून सुटी पट्टी सांगाड्यावर धरून खिडकीकडे तोंड करा आणि खालून उजेड दिसतो का बघा.

या कामाला दोन संध्याकाळी गेल्या तरी कुरकुर करू नका. पुढे दिसणाऱ्या निम्म्या खोडी इथल्याच असतात.

एकेरी पट्ट्या की दुहेरी?

पहिलं जहाज असेल तर दुहेरी. आतला थर साधारण दीड मिलिमीटर जाड लाइमवुडचा असतो, वरचा अर्धा ते एक मिलिमीटरचा, बहुतेक अक्रोडाचा. आतल्या थराला फटी राहिल्या, उंचसखल झालं, तर पुट्टी भरून घासून टाकता येतं; वरच्या थराखाली ते कोणाला दिसत नाही. एकेरीत ही मुभा नाही.

पण आतल्या थराला 'रफ काम' समजून पट्ट्या कशाही ठोकणारे बरेच असतात. त्यांना सांगणं एवढंच की वरच्या थराचं सगळं वळण तुम्ही इथेच शिकता. सराव फुकट मिळतोय, घ्या.

सगळ्या पट्ट्या सारख्याच रुंदीच्या आहेत, मग नाळेपाशी एकमेकींवर का चढतात?

हाच खरा प्रश्न. बाकी सगळं याच्या आजूबाजूचं आहे.

जहाजाचं पोट मधे फुगीर असतं आणि टोकाकडे आवळत जातं. टरबुजाच्या सालीवरचे पट्टे बघा, मधे रुंद आणि देठाकडे निमुळते. जहाजाच्या पट्ट्यांनाही तसंच व्हावं लागतं. किटातली पट्टी मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी. ती न तासता लावत गेलात की नाळेपाशी गर्दी होणार, आणि मग लोक पट्टी दाबून, वाकवून, खिळा ठोकून बसवायला जातात. दाबलेली पट्टी आज बसते आणि पुढे कधीतरी उठते. पट्टी मापानंच बसवायची असते, आणि ते माप गोंदाची बाटली उघडण्याआधी घ्यायचं असतं.

ते असं. कागदाची अरुंद पट्टी घ्या आणि सगळ्यात फुगीर बल्कहेडवर, वरच्या रेषेपासून कीलपर्यंत, चिकटून गुंडाळा. समजा अंतर ९० मिमी आलं आणि पट्टी ५ मिमीची आहे. ९० भागिले ५, म्हणजे १८ रांगा. हा आकडा त्या बाजूचा कायमचा आकडा. आता बाकीच्या प्रत्येक बल्कहेडवर तेच अंतर मोजा आणि १८ नं भागा. नाळेकडच्या एका बल्कहेडवर ५६ मिमी आलं, तर तिथे प्रत्येक पट्टी ३.१ मिमी हवी. डिव्हायडरनं तेवढे भाग पाडून प्रत्येक बल्कहेडवर पेन्सिलीच्या खुणा करा. सगळ्या बल्कहेडवरच्या खुणा नजरेनं जोडल्या की पट्ट्या कशा वाहणार ते न चिकटवताच दिसतं. कुठे रेषेला कुबड आलं असेल तर खुणा थोड्या वरखाली सरकवा. आकड्यापेक्षा इथे डोळ्यावर विश्वास ठेवायचा.

नाळेजवळच्या अगदी पहिल्या बल्कहेडवर समजा ४० मिमीच मिळाले. १८ नं भागलं तर २.२ मिमी. पट्टी निम्म्यापेक्षा अरुंद करायची नाही हा जुना नियम, म्हणजे इथे २.५ च्या खाली जायचं नाही. मग ४० मिमीत २.५ च्या सोळाच रांगा मावतात. उरलेल्या दोन रांगा नाळेच्या आधीच संपवायच्या आणि त्यांची जागा शेजारच्या पट्टीनं घ्यायची. तिथे रुंद पट्टीला खाच पाडून अरुंद पट्टीचं टोक बोथट बसवतात. टोक सुईसारखं केलं तर ते मोडतं, आणि खऱ्या जहाजावरही तसं करत नसत, कारण टोकदार फळीला खिळा धरत नाही.

मागे याच्या उलट. तिथे १०० मिमी आले तर १८ पट्ट्यांचे ९० भरतात आणि १० मिमी उघडे राहतात. दोन जादा तुकडे मधे घुसवायचे. ताणून भागवू नका.

सुरुवात कुठून? वरून की कीलपासून?

बहुतेक मॉडेलांत डेकच्या पातळीवरची, नाहीतर तोफांच्या खिडक्यांखालच्या जाड पट्ट्याची रांग आधी. जहाजाची सगळी लय तिच्यावरून दिसते, म्हणून दोन्ही बाजूंची उंची कीलपासून मोजून घ्या. मग तिथून खाली चार-पाच रांगा, मग कीलला लागून वर काही रांगा, आणि शेवट पोटाच्या गोलाईत, जिथे नजर कमी जाते.

एक पट्टी डावीकडे लावली की तिची जोडीदार उजवीकडे लावायची. एकच बाजू पुढे नेली तर सुकणारा गोंद आणि पट्ट्यांचा ताण मिळून कील ओढून घेतात. जोडीच्या दोन्ही पट्ट्या एकत्र चिमट्यात धरून एकदमच रंध्यानं तासा, म्हणजे माप आपोआप सारखं येतं.

कीलजवळची पहिली पट्टी लावल्यावर पुढच्या सगळ्या वर का पळतात?

कारण ती नाळेच्या गोलाईवर चढवलेली असते. कीलला लागून असलेल्या पट्टीला गार्बोर्ड म्हणतात. तिला मोकळं सोडलं की ती पुढे जाऊन नाळेवर वर वर सरकते. दिसायला ते झोकदार दिसतं, पण वरच्या पट्ट्यांची जागा खाल्ली जाते आणि त्यांना वर उचलल्याशिवाय गत्यंतर राहत नाही. गार्बोर्डची वरची कड बाजूनं बघितल्यावर जवळजवळ सरळ दिसली पाहिजे आणि तिचं पुढचं टोक नाळ वर वळायला लागते तिथेच संपलं पाहिजे. पुढे अरुंद होण्याऐवजी ती रुंद राहिली तरी चालते.

पट्टी वाकवायची कशी? भिजवावी का?

पातळ लाइमवुड किंवा अक्रोड असेल तर वीस-तीस मिनिटं पाण्यात पुरे. पण लाकूड मऊ करते ती उष्णता. पेशींना बांधून ठेवणारं लिग्निन तापल्यावर सैल पडतं आणि थंड झाल्यावर त्याच जागी आवळतं. पाण्याचं काम उष्णता आतवर पोचवणं आणि लाकूड करपू न देणं. त्यामुळे तासन्तास भिजवण्यात अर्थ नाही. ओली पट्टी गरम इस्त्रीच्या कडेवरून, नाहीतर सोल्डरिंग आयर्नवर बसवलेल्या नळीवरून हळूहळू ओढत न्या. हेअर ड्रायरही चालतो, थोडा वेळ जास्त लागतो. घरगुती अमोनियात भिजवायचा सल्ला वाचला असेल तर सोडून द्या. लाकूड काळं पडतं, घरात वास सुटतो आणि वाकण्यात म्हणावा तसा फरक नसतो.

वाकवलेली पट्टी सांगाड्यावर चिमट्यांनी धरून पूर्ण वाळू द्या आणि मगच गोंद लावा. ओलं लाकूड रुंदीत फुगलेलं असतं. तसंच चिकटवलं तर वाळल्यावर आकसतं आणि दोन पट्ट्यांमध्ये उजेडाची रेघ पडते.

पण ती आडवी, म्हणजे रुंदीच्या दिशेनं वाकतच नाही.

जबरदस्ती केली की एक कड उचलते. अरुंद पट्टी असेल तर टेबलावर दोन टोकं क्लॅम्पनं दाबून, मधला भाग बाजूला ओढून, ड्रायरनं तापवून थोडी आडवी वाकते. वाकवायचं आहे त्यापेक्षा जास्त वाकवा, सोडल्यावर ती मागे येते.

त्याहून जास्त वळण हवं असेल तर पट्टी रुंद तावातून वळणासकट कापून घ्यावी लागते. खऱ्या गोदीतही तसंच करत. जिथे पट्टी बसायची त्या जागेवर पारदर्शक चिकटपट्टी लावा, खालच्या पट्टीची कड आणि बल्कहेडवरच्या खुणा पेन्सिलीनं तिच्यावर उतरवा, चिकटपट्टी सोलून लाकडावर लावा आणि रेघेबाहेरून कापा. किटकिट वाटते, पण नाळेपाशी याला तोड नाही.

फेविकॉल की फेवीक्विक?

आतल्या थराला फेविकॉल, बिनतक्रार. सरकवायला वेळ मिळतो, ओल्या फडक्यानं पुसता येतं, पकडही चांगली. फेवीक्विक झटपट धरतं हाच त्याचा गुण आणि तोच दोष. शिवाय ते लाकडात मुरलं की त्या जागी पॉलिश चढत नाही, डाग कायम राहतो. त्यामुळे वरच्या थरावर तर फार जपून. पुष्कळजण पट्टीभर फेविकॉल लावतात आणि दोन टोकांना फेवीक्विकचा एकेक थेंब देऊन हातानं दाबून धरतात. ही तडजोड चांगली आहे.

वरच्या पातळ थरासाठी आणखी एक युक्ती : पट्टीच्या पाठीला आणि जहाजावर, दोन्हीकडे फेविकॉलचा पातळ हात, तो वाळू द्यायचा, मग पट्टी जागेवर ठेवून वरून गरम इस्त्री. उष्णतेनं वाळलेला फेविकॉल पुन्हा मऊ होतो आणि पट्टी तिथल्या तिथे धरते. याच कारणासाठी तयार जहाज मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. तिथे ते न सांगता सुटेल.

नागपूरच्या उन्हाळ्यात हे काम करावं का?

शक्य असेल तर वरचा थर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. हवा कोरडी असली तरी स्थिर असते.

उन्हाळ्यात नुसत्या उन्हापेक्षा जास्त त्रास कूलरचा होतो. पारा ४५ च्या आसपास, बाहेरची हवा पार वाळलेली, आणि खोलीत दिवसभर कूलर ओली हवा फेकतोय. रात्री टाकी रिकामी झाली किंवा लाइट गेली की तीच खोली दोन तासांत कोरडी ठक्क. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, पण रुंदीत हवेतल्या ओलाव्याप्रमाणे फुगतं-आकसतं. एक पट्टी ०.१ मिमी आकसली तर कोणाला कळणार नाही. १८ रांगांचा हिशेब केला तर ते १.८ मिमी होतात, आणि ती फट बरोबर सगळ्यात कमकुवत सांध्यावर उघडते. नवतपात चिरा पडलेली जहाजं माझ्याकडे लोक घेऊन येतात तेव्हा मी आधी विचारतो, कूलरचं तोंड कुणीकडे होतं?

काम करायचंच असेल तर पट्ट्या आणि जहाज एकाच खोलीत, कूलरच्या झोताबाहेर, झाकण असलेल्या मोठ्या डब्यात ठेवा. नव्या पट्ट्या आणल्या की आठवडाभर जहाजाशेजारी राहू द्या. कूलर चालू असताना चिकटवलं असेल तर सुकेपर्यंत तो चालूच ठेवा. पंख्याखाली फेविकॉलवर दोन-तीन मिनिटांत साय धरते आणि मग तो चिकटल्यासारखा वाटतो पण चिकटत नाही, म्हणून एका वेळी अर्ध्याच पट्टीला गोंद लावा. कोरडी पट्टी गार वाकवायला जाऊ नका, कडकन मोडते.

एक फायदा मात्र आहे राजेहो. वाकवलेली ओली पट्टी मे महिन्यात दोन-तीन तासांत खडखडीत वाळते. जुलैत तीच दुसऱ्या दिवशीही दमट लागते.

मग पावसाळ्यात?

आतला थर करा, घासकाम करा. वरचा थर टाळा. फुगलेल्या लाकडाचे सांधे ऑगस्टमध्ये इतके सुरेख जुळतात की हुरूप येतो, आणि एप्रिलमध्ये त्यांचंच पितळ उघडं पडतं.

किट परदेशातून मागवणं महाग पडतं. लाकूड नागपुरात मिळेल का?

लाकूड मिळेल, पट्ट्या मिळणार नाहीत. त्या पाडून घ्याव्या लागतात.

लकडगंजात आरामशिनी आहेत, पण त्यांच्या पात्याची चीरच दोन-तीन मिलिमीटर. दीड मिलिमीटरची पट्टी पाडायला गेलात तर पट्टीपेक्षा भुसा जास्त. तिथून फक्त ५ मिमी जाडीची, दोन्ही बाजूंनी रंधलेली फळी करून घ्या, म्हणजे पट्टीची रुंदी आधीच ठरली. मग पातळ पातं बसणाऱ्या छोट्या टेबल-करवतीवर कडेनं दीड-दीड मिलिमीटरचे काप. पातं १ मिमीचं असलं तरी चाळीस टक्के लाकूड भुशात जातं, ते धरून चाला. तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल घडवणारे कारागीर ओळखीचे असतील तर त्यांना विचारा. बारीक कामाची सवय असलेला हात तिथे सापडतो. पोळ्याच्या महिनाभर आधी मात्र जाऊ नका, त्यांना मान वर करायला फुरसत नसते.

वरच्या थरासाठी डेकोरेटिव्ह प्लायच्या दुकानात व्हेनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ ताव मिळतो. पाठीला प्लाय नसलेलं, सुटं मागा. सॅम्पलच्या तुकड्यांवर छोटं जहाज सहज निघतं. स्टीलपट्टी आणि नवं पातं घेऊन दोन-तीन हलक्या हातांत कापायचं, एका दमात नाही.

इथे सागवान एवढं, तर सागवानाच्याच पट्ट्या का नको?

हा प्रश्न विदर्भात आलाच पाहिजे. आलापल्लीचं सागवान नावाजलेलं आहे आणि खऱ्या जहाजाला सागासारखं लाकूड नाही. मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका १८१७ साली पाण्यात उतरली आणि ती आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे.

मॉडेलला तेच गुण अडचणीचे होतात. सागाचे रेषे जाड, छिद्रं मोठी. १:६४ च्या प्रमाणात ती छिद्रं खऱ्या फळीवर अंगठ्याएवढे खड्डे असावेत तशी दिसतात. पातळ पट्टी वळणावर रेषेतून फुटते. लाकडात सिलिका असल्यामुळे पातं लवकर बोथट होतं. आणि तेलकटपणामुळे गोंद नीट धरत नाही. वापरायचंच असेल तर चिकटवण्याच्या जरा आधी थिनरच्या फडक्यानं पुसून घ्या.

त्यापेक्षा हळदू बघा. पिवळसर, बारीक रेषेचं, एकसारखं लाकूड, पूर्वी कंगवे करायचे ते. वरच्या थराला देखणं दिसतं. आतल्या थराला आणि नाळेच्या ठोकळ्यांना शिवण चांगली : हलकी, कापायला सोपी आणि हवेप्रमाणे फारशी हलत नाही. खोक्यांचं चीड (पाइन) आणलं तर गाठी टाळून घ्या.

चिमटे कोणते घेऊ? खिळे ठोकू का?

स्टेशनरीतल्या काळ्या बाइंडर क्लिपा, कपड्यांचे चिमटे, रबरबँड आणि टाचण्या एवढ्यात सगळं होतं. आतल्या थराला टाचणी पट्टीच्या आरपार न ठोकता कडेला लागून बल्कहेडमध्ये खोचा, तिचं डोकं पट्टीला दाबून धरतं. पट्टीत खिळा ठोकायचाच तर आधी बारीक भोक पाडा, आणि गोंद वाळल्यावर खिळा काढून टाका. राहिला तर पॉलिश पेपर फाडतो.

पट्टी नाळेपासून शेवटपर्यंत अखंड असावी का?

आतल्या थराला चालेल. वरच्या थरावर ते खोटं दिसतं, कारण एवढं लांब झाड कुठून आणणार? खऱ्या जहाजाच्या फळ्या साधारण वीस-पंचवीस फुटांच्या असत. चोवीस फूट धरले तर १:६४ मध्ये ११४ मिमी. दहा इंच रुंदीची फळी म्हणजे जवळपास ४ मिमी. जोड नेहमी बल्कहेडवर यायला हवा आणि शेजारच्या रांगेचा जोड त्याच बल्कहेडवर नको. मधे तीन रांगा गेल्यावर पुन्हा त्या बल्कहेडवर जोड चालतो. आधी कागदावर आखून घ्या, नाहीतर हात सवयीनं जिन्यासारखी नक्षी काढतो.

सांध्यांत काळी रेघ दाखवावी का?

डेकवर जरूर, मऊ पेन्सिल पट्टीच्या कडेवरून फिरवली की झालं. बाहेरच्या अंगाला हलकीच. काही मॉडेलं इतकी काळ्या रेघांनी भरलेली असतात की जहाज आहे की जाळी ते कळत नाही.

लाकडी खुंट्या दाखवायच्या असतील तर?

बांबू. बुरडाकडून सुक्या बांबूच्या काड्या घ्या, चिरून बारीक करा आणि लोखंडी पट्टीत उतरत्या मापाची भोकं पाडून त्यातून ओढत न्या. बांबूचे रेषे सरळ असल्यामुळे काडी अर्ध्या मिलिमीटरपर्यंत न तुटता निघते. भोक पाडून, टोकाला थेंबभर गोंद लावून खोचायची आणि वरून छाटायची. संयम असेल तरच या वाटेला जा. शेकडो भोकं एका रेषेत येत नसतील तर खुंट्या नसलेल्याच बऱ्या.

फटी राहिल्याच तर?

त्याच लाकडाचा बारीक भुसा फेविकॉलमध्ये कालवून भरा. वाळल्यावर रंग थोडा गडद दिसतो, हे गृहीत धरा. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा मोठ्या फटीत लाकडाची सळी चिकटवून तासणं जास्त चांगलं. पोटाच्या गोलाईवर फटी पडतात त्या बहुधा पट्टीची कड चौकोनी राहिल्यामुळे. शेजारणीला लागणारी आतली कड थोडी उतरती केली की बाहेरून सांधा बंद होतो.

तळाला तांब्याचे पत्रे लावले तर खालच्या पट्ट्या कशाही चालतील ना?

तांबं काही झाकत नाही, उलट प्रत्येक उंचवटा चकाकून दाखवतं. आणि आधी जहाजाचं साल बघा. ब्रिटिश नौदलानं सरसकट तांबं लावायला घेतलं ते १७८० च्या आसपास, लाकूड पोखरणाऱ्या समुद्री किड्यापासून वाचण्यासाठी. त्याआधीच्या जहाजाला तांबं लावलं तर जाणकार हसतात.

मला आंग्र्यांचा गुराब करायचा आहे. कुठून सुरुवात करू?

गुराबाला पुढे निघालेली निमुळती नाळ, उथळ तळ आणि दोन किंवा तीन डोलकाठ्या. गलबत त्याहून लहान, वल्ह्यांचं. गुराबाच्या नाळेत पट्ट्यांना फार लांब आणि फार तीव्र निमुळतं व्हावं लागतं, म्हणजे वर सांगितलेलं सगळं एकदम अंगावर येतं. पहिलं मॉडेल म्हणून नको. आधी एखादी बोथट, गोल नाळेची बोट करा.

आपल्याकडे खिळ्यांऐवजी काथ्यानं शिवलेली जहाजं होती, ती मॉडेलमध्ये जमतील?

जमतील, पण क्रम उलटा. तिथे फळ्या आधी एकमेकींना शिवून कवच उभं करतात आणि आतले वाक, म्हणजे फासळ्या, नंतर बसवतात. त्या पद्धतीनं बांधलेली 'कौंडिण्य' नौका मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात आली, तिची छायाचित्रं बघा. बल्कहेडवर पट्ट्या चढवायची ही रीत तिथे लागू होत नाही.

तयार जहाज फुटाळा तलावात सोडता येईल?

नाही. साधा फेविकॉल पाण्यात सुटतो आणि तळात वजन नसल्यामुळे ते आडवं होईल. पाण्यावर चालवायचं मॉडेल सुरुवातीपासून वेगळं, आतून-बाहेरून इपॉक्सी लावून बांधतात.

घासून झाल्यावर वर काय लावू?

२२० आणि मग ३२० चा कागद, लाकडाच्या रेषेच्या दिशेनं. तोंडाला मास्क बांधा, अक्रोडाची धूळ घशाला बोचते, आणि पंखा बंद ठेवा. त्यानंतर पातळ केलेलं सँडिंग सीलर किंवा चपड्याचं पॉलिश दोन हात, मधे हलकं घासून. चकचकीत लॅकर नको, जहाज शोकेसमधल्या ट्रॉफीसारखं दिसतं. सगळ्या बाजूंना बसलेलं पॉलिश ओलाव्याची ये-जा मंदावतं, म्हणून डेक बंद होण्याआधी आतूनही एक हात मारून घ्या.

शेवटची पट्टी बसतच नाही.

तिला कधीच सरळ पट्टी बसत नाही. उरलेल्या फटीवर कागद ठेवून पेन्सिलीनं घासून आकार उतरवा, थोडी मोठी कापा, तासत तासत बसवा. विलायती गोदीत ही फळी बसली की व्हिस्की उघडायची रीत होती. आपल्याकडे तर्री-पोह्यावर भागतं.

चुकीची चिकटलेली पट्टी मोडतोड न करता काढता येते का?

फेविकॉल असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल ब्रशनं सांध्यावर सोडा, पाच-दहा मिनिटं थांबा, मग पातळ पातं सरकवत न्या. पाण्यानंही सुटतं, पण आजूबाजूच्या पट्ट्या फुगतात. फेवीक्विकला अ‍ॅसिटोन, तेही खिडकी उघडी ठेवून आणि जवळ गॅस किंवा उदबत्ती पेटलेली नसताना. पट्टी निघाल्यावर बल्कहेडवरचा जुना गोंद खरवडून काढा. त्या थरावर नवी पट्टी उंच बसते.